ड्रायव्हरचं रीड(): बाइट स्ट्रीम द्यायची की पॅकेट, हे कसं ठरवायचं

नवा कॅरेक्टर डिव्हाइस ड्रायव्हर (ज्या उपकरणातून फाइलसारखे बाइट वाचता-लिहिता येतात, ते चालवणारा कोड) लिहायला घेतला की बहुतेक जण आधी डेटाशीट उघडतात, रजिस्टरं (उपकरणाच्या आतल्या नियंत्रणाच्या जागा) मॅप करतात, इंटरप्ट (उपकरणाची ‘काम आहे’ अशी हाक) येतोय का ते बघतात, आणि सगळं हलायला लागलं की शेवटी रीड(), म्हणजे प्रोग्रॅमने उपकरणाकडून माहिती मागितली की चालणारं फंक्शन, लिहायला बसतात. तोवर हातात एक बफर आलेला असतो, त्यात बाइट पडलेले असतात, ते कॉपी-टू-यूजरने (प्रोग्रॅमच्या मेमरीत कॉपी करणाऱ्या फंक्शनने) वर ढकलले की काम झालं असं वाटतं. मी हा क्रम उलटा करायला सांगते. रीड() एका वेळी काय परत देणार, हे आधी कागदावर लिहा आणि मग रजिस्टरांकडे वळा. रजिस्टरं हाताळणारा कोड तुम्ही उद्या पूर्ण बदललात तरी वर कुणाला पत्ता लागत नाही. रीड()चं वागणं मात्र एकदा बाहेर गेलं की त्यावर कुणीतरी प्रोग्रॅम लिहितं, आणि चालू प्रोग्रॅम मोडायचा नाही हा लिनक्स कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) सगळ्यात कडक नियम आहे.

मी पुण्यात वीज मीटर आणि औद्योगिक गेटवे यांच्यासाठी ड्रायव्हर आणि फर्मवेअर लिहिते. आरएस-४८५ (औद्योगिक सिरियल तार), यूएसबी, कॅन (गाड्या आणि यंत्रांमधली बस), अधूनमधून जीपीएस रिसीव्हर, असं रोजचं काम. नव्याने टीममध्ये येणाऱ्यांना मी पहिल्या आठवड्यात हाच विषय समजावते, म्हणून तो इथे सविस्तर लिहितेय. उदाहरणं लिनक्सची आहेत, पण विचार कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमला लागू पडतो.

दोन करार

बाइट स्ट्रीमचा करार असा: बाइट क्रमाने येतील, पण एका हाकेला किती येतील याची हमी नाही. तुम्ही १०० मागितले तर १०० मिळतील, ३७ मिळतील किंवा एकच मिळेल. समोरच्याने तीनदा राइट() केलं म्हणून इकडे तीनदाच रीड() लागेल असंही नाही. टीटीवाय (सिरियल पोर्ट किंवा टर्मिनल) रॉ मोडमध्ये असंच वागतो, साधा पाइप असंच वागतो, टीसीपी सॉकेटही तसंच.

पॅकेटचा करार वेगळा. एक रीड() म्हणजे एक पूर्ण पॅकेट. अर्धं येणार नाही आणि दोन चिकटून येणार नाहीत. टन/टॅप डिव्हाइस (लिनक्सचं आभासी नेटवर्क कार्ड) उघडून रीड() केलं तर दर वेळी नेमकं एक पॅकेट मिळतं, राइट() केलं तर एक पॅकेट जातं. एचआयडी-रॉमध्ये (कीबोर्ड-माऊससारख्या उपकरणांचे कच्चे रिपोर्ट देणाऱ्या इंटरफेसमध्ये) एका रीड()ला एक रिपोर्ट. माऊस-कीबोर्डच्या ईव्हीडेव्हचा प्रकार किंचित निराळा आहे: तिथे ठराविक मापाचे रेकॉर्ड आहेत, ६४-बिट मशीनवर प्रत्येकी २४ बाइटचे. एका रीड()ला अनेक रेकॉर्ड मिळू शकतात, पण नेहमी पूर्ण संख्येने. अडीच रेकॉर्ड कधी मिळत नाहीत.

अडचण अशी की दोन्ही करारांचं सही करण्याचं पान एकच आहे. तोच रीड(), तेच पॉइंटर, तीच लांबी, परत येणारा तसाच एक आकडा. कंपायलर तुम्हाला टोकणार नाही. टेबलावर, सावकाश चालणाऱ्या यंत्रावर, स्ट्रीमसुद्धा पॅकेटसारखी वागते: समोरून एक निरोप येतो, इकडे रीड() जागं होतं, तेवढंच हातात पडतं. यावर विसंबून लिहिलेला प्रोग्रॅम महिनोन् महिने चालतो आणि मशीनवर ताण आला की कोसळतो.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचे बरेच निर्णय तिच्यावर उभे आहेत. पॅकेटची स्ट्रीम करायची असेल तर काहीच लागत नाही, सीमा विसरल्या की झालं. स्ट्रीममधून पॅकेट परत काढायची असतील तर प्रोटोकॉलमध्ये आधीपासून तशी खूण असावी लागते. नसेल तर उरतो तो अंदाज. म्हणून हार्डवेअरने दिलेली सीमा ड्रायव्हरने टाकून दिली तर वरच्या थराला ती सहसा परत मिळवता येत नाही.

सीमा कुणी घातली?

मग नियम सोपा वाटतो: हार्डवेअर तुकडे देत असेल तर पॅकेट, नाहीतर स्ट्रीम. इथेच लोक फसतात. हार्डवेअरकडून येणाऱ्या तुकड्यांच्या सीमा दोन जातीच्या असतात. काही पाठवणाऱ्याने हेतूने घातलेल्या असतात. बाकीच्या वाहतुकीच्या सोयीसाठी मधल्या कुणीतरी पाडलेल्या असतात. पहिल्या जपायच्या आणि दुसऱ्या झाकायच्या. डेटाशीट वाचताना प्रत्येक तुकड्यापाशी थांबून हाच प्रश्न विचारायचा: ही सीमा पाठवणाऱ्याला हवी होती का?

यूएसबी घ्या. बल्क एंडपॉइंटवर (मोठी माहिती नेणाऱ्या वाटेवर) पॅकेटचं कमाल माप फुल स्पीडला ६४ बाइट, हाय स्पीडला ५१२. २००० बाइटचा निरोप हाय स्पीडवर गेला तर तारेवर चार पॅकेट दिसतात: तीन पूर्ण, चौथं ४६४ बाइटचं. ही ५१२ची सीमा वाहतुकीची आहे, ती वर दाखवली तर अनर्थ होईल. पण शेवटचं अपुरं पॅकेट हे ‘ट्रान्सफर संपली’ अशी खूण आहे, आणि उपकरणाने ती हेतूने दिली असेल तर तीच तुमच्या निरोपाची सीमा. निरोप नेमका १०२४ बाइटचा असेल तर अपुरं पॅकेट उरत नाही, म्हणून शेवटी शून्य लांबीचं पॅकेट पाठवावं लागतं. लिनक्समध्ये यूआरबीवर (यूएसबी ट्रान्सफरच्या मागणीवर) त्यासाठी झीरो-पॅकेटचा फ्लॅग आहे. तो विसरला तर ५११ आणि ५१३ बाइटचे निरोप सुरळीत जातात आणि ५१२चा अडकून पडतो. चाचणीत तेवढाच आकडा वगळला गेला की हा दोष सरळ ग्राहकाकडे जातो.

आता त्याच यूएसबीवर सीडीसी-एसीएम (यूएसबीवरून सिरियल पोर्टसारखा वागणारा) मॉडेम असेल तर? तिथे वर सिरियल पोर्टचं सोंग घ्यायचं आहे, यूएसबीची कुठलीच सीमा हेतूची नाही, म्हणून ड्रायव्हर सगळं सपाट करून टीटीवायला बाइट देतो. यूएसबी तीच, उत्तर उलटं.

डीएमएचंही (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत माहिती टाकण्याचंही) तसंच. एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) सतत सॅम्पल ओततोय आणि ४०९६ बाइट भरले की इंटरप्ट येतो. ते ४०९६ तुम्हीच निवडलेले आहेत. उद्या लेटन्सी (उशीर) कमी करायला १०२४ केलेत तर वरचा प्रोग्रॅम मोडता कामा नये. म्हणजे इथे स्ट्रीमच द्यायची, फक्त एका सॅम्पलच्या मधोमध तोडायची नाही. दोन चॅनेलची १६-बिट सॅम्पलं असतील तर नेहमी चारच्या पटीतच द्या.

कॅन याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. कॅनची फ्रेम हाच तिथला शब्द: आयडी, लांबी, मूळ कॅनमध्ये जास्तीत जास्त आठ बाइट. तिला तोडण्यात काही अर्थच नाही. तरीही बरीच वर्षं लिनक्सवरचे कॅन ड्रायव्हर कॅरेक्टर डिव्हाइस म्हणून लिहिले जात, ज्याच्या त्याच्या हार्डवेअरची आपापली पद्धत. फोक्सवॅगनच्या संशोधन विभागाने सुरू केलेलं सॉकेटकॅन २००८ साली २.६.२५ कर्नलमध्ये आलं आणि कॅन नेटवर्क इंटरफेस झालं. त्याबरोबर रांगा, फिल्टर, एकाच वेळी अनेक प्रोग्रॅमना तीच फ्रेम मिळणं, हे सगळं नेटवर्क थराकडून आयतं मिळालं. म्हणून तुमचं उपकरण फ्रेम देणारं असेल आणि वाचणारे एकाहून जास्त असतील, तर आधी विचारा की हे कॅरेक्टर डिव्हाइस असायलाच हवं का. त्याला सॉकेटचा कुठला प्रकार शोभतो का, की इनपुट, आयआयओ (सेन्सरांसाठीची) यांसारख्या तयार सबसिस्टिममध्ये ते बसतं? स्वतःचा करार लिहिण्यापेक्षा दुसऱ्याचा परखलेला करार घेणं केव्हाही चांगलं.

आणि जीपीएस? तारेवरून येतात ते निव्वळ बाइट. त्यात एनएमईएची (जीपीएसच्या मजकुरी प्रोटोकॉलची) वाक्यं असतात, डॉलरच्या खुणेने सुरू होणारी आणि ओळ संपली की संपणारी. कधी त्याच तारेवर मध्येच यूबीएक्सचे (एका उत्पादकाच्या स्वतःच्या प्रोटोकॉलचे) बायनरी निरोप असतात, १८१ आणि ९८ या दोन बाइटांनी सुरू होणारे. मोह होतो की ड्रायव्हरमध्येच पार्सर (बाइटांतून निरोप वेगळे काढणारा कोड) लिहावा आणि वर नीटनेटकी वाक्यं द्यावीत. कर्नलच्या जीएनएसएस (जीपीएससारख्या रिसीव्हरसाठीच्या) सबसिस्टिमने तो मोह जाणीवपूर्वक टाळला: ते कच्चे बाइट जसेच्या तसे वर देतं आणि रिसीव्हर कुठला प्रोटोकॉल बोलतो तेवढं सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींसारखी दाखवणाऱ्या जागेत) सांगतं. ते पटण्यासारखं आहे. प्रोटोकॉल उत्पादकागणिक बदलतात, रिसीव्हर चालू असताना मोड बदलतो, आणि कर्नलमधल्या पार्सरचा दोष म्हणजे पूर्ण मशीनचा दोष.

मात्र पॅकेट वापरणारा कर्नलच्या आतच बसलेला असेल, तर फ्रेमिंगही (बाइटांतून पॅकेट पाडणंही) आतच करावं लागतं. ब्लूटूथ चिप यूआर्टवर (सिरियल पोर्टच्या हार्डवेअरवर) जोडलेली असते तेव्हा एच-४ प्रोटोकॉल असतो: पहिला बाइट प्रकार सांगतो, १ म्हणजे कमांड, २ म्हणजे एसीएल डेटा, ४ म्हणजे इव्हेंट, आणि पुढच्या हेडरमध्ये लांबी. ब्लूटूथ स्टॅक कर्नलमध्ये आहे, म्हणून ड्रायव्हर बाइट जोडून पॅकेट बनवतो आणि वर देतो. एच-४मध्ये चेकसम नाही, पुन्हा ताल पकडायची खूणही नाही. एक बाइट गळला की पुढची लांबी चुकते, तिच्या पुढचीही चुकते, शेवटी चिप रीसेट करावी लागते. तीन तारांच्या एच-५मध्ये म्हणूनच स्लिपची पद्धत (फ्रेमचा शेवट ठराविक बाइटाने दाखवायची, पुढे सांगितलेली) घेतली आहे.

मॉडबस

हे प्रकरण मी जरा रेंगाळून सांगणार आहे, कारण आपल्याकडच्या एमआयडीसीत पॅनेल उघडलं की मॉडबस (औद्योगिक उपकरणांचा साधा प्रोटोकॉल) बोलणारा मीटर हमखास सापडतो.

मॉडबस आरटीयूमध्ये (सिरियल तारेवरच्या बायनरी प्रकारात) फ्रेमला ना सुरुवातीची खूण ना शेवटची. सीमा म्हणजे शांतता: साडेतीन अक्षरं पाठवायला लागेल तेवढा वेळ तार गप्प राहिली की फ्रेम संपली. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक अक्षर ११ बिटांचं धरलं तर १.१५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे साडेतीन अक्षरांना साधारण ४ मिलिसेकंद. १९,२०० बॉडच्या वर सरसकट १.७५ मिलिसेकंद वापरावेत असं स्पेसिफिकेशन सांगतं.

एक नंबरच्या मीटरकडे पहिली दोन रजिस्टरं मागायची तर तारेवर आठ बाइट जातात: १, ३, ०, ०, ०, २, आणि सीआरसीचे (चूक पकडणाऱ्या तपास-आकड्याचे) १९६, ११. उत्तर नऊ बाइटांचं येतं: १, ३, ४, चार बाइट माहिती, दोन बाइट सीआरसी. ते नऊ बाइट तारेवरून यायला दहा मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो.

आता हे उत्तर यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरमधून येतंय असं धरा. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका चिपकुटुंबात लेटन्सी टायमर असतो, मूळ सेटिंग १६ मिलिसेकंद. बफर भरला किंवा टायमर संपला की चिप हातात असेल तेवढं संगणकाकडे पाठवते. नऊ बाइटांनी बफर भरत नाही. टायमर नेमका उत्तराच्या मध्यात संपला तर चार बाइट आत्ता जातात आणि उरलेले पाच १६ मिलिसेकंदांनी. तारेवर दोघांमध्ये खंड नव्हता, पण तुमच्या प्रोग्रॅमला १६ मिलिसेकंदांची शांतता दिसते. चार मिलिसेकंद शांतता म्हणजे फ्रेम संपली, असा नियम लावला असेल तर तुम्ही चार बाइटांवर सीआरसी काढून एरर नोंदवता आणि उरलेले पाच बाइट पुढच्या उत्तराच्या डोक्यावर बसवता.

एका कारखान्यात मी हे समोर घडताना पाहिलं आहे. वाचन मधूनच गायब व्हायचं, लॉगमध्ये सीआरसीचे एरर. लोकांनी केबल बदलली, दोन्ही टोकांचे १२० ओहमचे टर्मिनेशन रेझिस्टर तपासले, मोटरच्या ड्राइव्हला दोष दिला. आम्ही लॉजिक अ‍ॅनलायझर लावला तर तारेवरची प्रत्येक फ्रेम स्वच्छ होती. खोट होती ती सीमा ओळखण्याच्या पद्धतीत. टायमर १ मिलिसेकंदावर आणला की लक्षणं जवळपास नाहीशी होतात, आणि बरेच जण तिथेच थांबतात. तिथे थांबू नका. साध्या १६५५० यूआर्टलासुद्धा १६ बाइटांची फिफो (रांग) असते, आणि तिचा टाइमआउट इंटरप्ट चार अक्षरांच्या वेळाने येतो. वरून शेड्यूलर (कुठला प्रोग्रॅम कधी चालेल ते ठरवणारा) आहेच. टर्मिऑसचा (टीटीवायच्या सेटिंगमधला) व्ही-टाइम हा टाइमआउट वापरू म्हणाल तर त्याचं एकक एक दशांश सेकंद आहे, चार मिलिसेकंद त्यात मोजताच येत नाहीत. बाइटांमधलं अंतर स्ट्रीमच्या करारात कधी नव्हतंच, त्यामुळे वरच्या थराने त्यावर विसंबायचं नाही.

मग करायचं काय? तुम्ही मास्टर (प्रश्न विचारणारे) असाल तर उत्तराची लांबी तुम्हाला उत्तरातच कळते. फंक्शन (दुसरा बाइट) १ ते ४ असेल तर तिसरा बाइट माहितीची लांबी सांगतो, त्यात पाच मिळवा. ५, ६, १५, १६ असेल तर उत्तर ठरलेलं आठ बाइटांचं. फंक्शनच्या आकड्यात १२८ मिळवलेले दिसले तर ते एक्सेप्शन, पाच बाइट. तेवढे बाइट जमेपर्यंत थांबा, सीआरसी तपासा, आणि संपूर्ण उत्तरासाठी एक सढळ टाइमआउट ठेवा. शांतता फक्त गाडी रुळावरून घसरली तर पुन्हा सुरुवात शोधायला वापरा.

तुम्ही बसवर नुसते ऐकत असाल, किंवा स्लेव्ह (उत्तर देणारे) असाल, तर लांबीवरून भागत नाही, शांतता मोजावीच लागते. ती तारेच्या जितकी जवळ मोजता येईल तितकी मोजा. बऱ्याच मायक्रोकंट्रोलरच्या यूआर्टला लाइन गप्प झाल्याचा इंटरप्ट मिळतो. तिथे फ्रेम पक्की करा आणि तिथून वर पॅकेट म्हणूनच न्या, मधल्या कुठल्याही थरात तिची पुन्हा स्ट्रीम होऊ देऊ नका.

पॅकेट द्यायचं ठरलं तर

आता कोडकडे. पहिला निर्णय: वाचणाऱ्याने दिलेला बफर पॅकेटपेक्षा लहान असेल तर? तीन रूढ पद्धती आहेत. टन/टॅप पॅकेट कापून देतं, उरलेलं गेलं. विंडोजचे मेसेज मोडमधले नेम्ड पाइप जेवढं मावतं तेवढं देतात, ‘अजून आहे’ असा एरर देतात आणि उरलेलं पुढच्या वाचनासाठी ठेवतात. आयनोटिफाय (फाइलींमधले बदल कळवणारी लिनक्सची सोय) एकही बाइट न देता ई-इनव्हॅल (‘मागणी चुकीची’ हा एरर) परत करतं आणि इव्हेंट तसाच राखून ठेवतं. मला तिसरी पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते. चुकीचा बफर ही वाचणाऱ्याची चूक आहे, ती त्याला पहिल्याच दिवशी कळली पाहिजे, आणि तिची किंमत एका पॅकेटने चुकवावी लागू नये. त्याबरोबर कमाल माप जाहीर करा, हेडर फाइलमध्ये किंवा आयऑक्टलने (ड्रायव्हरला खास प्रश्न विचारायच्या हाकेने), म्हणजे तो बफर नीट घेईल.

आतल्या रांगेसाठी केफिफोचा (कर्नलमधल्या तयार रांगेचा) रेकॉर्ड प्रकार चांगला आहे. तो प्रत्येक रेकॉर्डपुढे एक किंवा दोन बाइट लांबी ठेवतो, आणि जागा नसेल तर अख्खं रेकॉर्ड नाकारतो, अर्धं कोंबत नाही. पण दोन ठिकाणी जपा. एक बाइटचा प्रकार २५५पर्यंतच लांबी धरतो, आणि मॉडबस आरटीयूची कमाल फ्रेम २५६ बाइटांची आहे, एका बाइटाने हुकते. तिथे दोन बाइटांचाच घ्या. आणि वाचणाऱ्याचा बफर लहान असला तर केफिफो स्वतः रेकॉर्ड कापून पुढे सरकतो. म्हणून काढण्याआधी पीक-लेन करून लांबी पाहा आणि नकार द्यायचा तर तेव्हाच द्या. हे बघणं आणि काढणं एकाच म्यूटेक्सखाली (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाखाली) हवं, नाहीतर दोन वाचणारे एकमेकांच्या पायात येतात. स्पिनलॉक (न झोपता वाट पाहणारं कुलूप) इथे चालणार नाही, कारण कॉपी-टू-यूजर झोपू शकतं.

शून्य लांबीचं पॅकेट तुमच्या प्रोटोकॉलमध्ये येऊ शकतं का, हे तपासा. रीड()ने शून्य दिलं की जग त्याला फाइल संपली असं समजतं, आणि कॅट (फाइल छापणारी कमांड) बाहेर पडतं. उपाय म्हणजे प्रत्येक पॅकेटपुढे छोटं ठराविक हेडर: लांबी, फ्लॅग, आणि पॅकेट आलं ती वेळ. वेळेचा शिक्का इंटरप्टमध्येच मारा, वर गेल्यावर तो निरुपयोगी होतो. मी हे हेडर पहिल्या आवृत्तीपासून ठेवते, गरज दिसत नसली तरी, आणि त्यात थोडी राखीव जागा शून्य भरून सोडते.

रांग भरली तर पॅकेट टाकावंच लागेल. टाकायचं तर पूर्ण टाका, मोजा, आणि वाचणाऱ्याला त्याच प्रवाहात सांगा. ईव्हीडेव्ह हे छान करतं: रांग ओसंडली की ते सिन-ड्रॉप्ड नावाचा इव्हेंट घालतं, मग वाचणाऱ्याने पुढच्या सिन-रिपोर्टपर्यंतचं सोडून द्यायचं आणि उपकरणाची सध्याची स्थिती आयऑक्टलने विचारून घ्यायची. नुसता सिसएफएसमधला काउंटर पुरत नाही, कारण खंड नेमका कुठे पडला ते त्यातून कळत नाही.

राइट()मध्ये सगळं किंवा काहीच नाही. पॅकेट कमाल मापाहून मोठं असेल तर ई-मेसेज-साइज हा एरर. जागा नसेल तर थांबा किंवा ई-अगेन (‘पुन्हा प्रयत्न करा’) द्या. अर्धं घेऊन अर्ध्याचा आकडा परत देणं इथे निषिद्ध आहे, कारण वरची लायब्ररी इमानदारीने उरलेलं पुन्हा राइट() करेल आणि एका पॅकेटची दोन होतील. पोल()सुद्धा (उपकरण तयार आहे का हे विचारणारी हाक) याला धरूनच हवं: वाचायला तयार म्हणजे एक अख्खं पॅकेट तयार, लिहायला तयार म्हणजे सगळ्यात मोठ्या पॅकेटला जागा.

एक सापळा मात्र फार कमी लोकांना माहीत असतो. ड्रायव्हरमध्ये तुम्ही फक्त साधं राइट दिलं आणि वरच्या प्रोग्रॅमने राइट-व्ही (अनेक बफर एका हाकेत लिहिणारं राइट) वापरलं, हेडर एका बफरात आणि माहिती दुसऱ्यात, तर कर्नल प्रत्येक बफरासाठी तुमचं राइट वेगळं बोलावतो. तुम्हाला दोन पॅकेट दिसतात. वाचण्याच्या बाजूला उलटं: रीड-व्हीचा पहिला बफर एका पॅकेटने बरोब्बर भरला तर दुसऱ्यात पुढचं पॅकेट येऊन बसतं. पॅकेट डिव्हाइससाठी म्हणून रीड-इटर आणि राइट-इटरच लिहा. त्यात सगळे तुकडे एकत्र येतात आणि एका हाकेचं एक पॅकेट होतं.

वापरणाऱ्यांच्या कागदावरही एक ओळ हवी: या डिव्हाइसवर एफ-रीड वापरू नका, पायथनमध्ये बफरिंग बंद करून उघडा. सी लायब्ररीचं बफरिंग मागितलेला आकडा भरेपर्यंत रीड() करत राहतं आणि तुम्ही एवढ्या कष्टाने जपलेल्या सीमा शेवटच्या पायरीवर पुसून टाकतं.

स्ट्रीम द्यायची ठरलं तर

इथे सांगण्यासारखं कमी आहे, आणि तेच स्ट्रीमचं बलस्थान. एक बाइट असला तरी तो देऊन मोकळे व्हा, मागितलेला आकडा भरायची वाट पाहू नका. अर्धवट राइट() घ्यायला हरकत नाही. ओपनमध्ये स्ट्रीम-ओपन हे कर्नलचं फंक्शन बोलवा, नाहीतर फाइलच्या स्थानाच्या लॉकमुळे एक थ्रेड रीड()मध्ये अडकला की दुसऱ्याचं राइट() त्याच्यामागे ताटकळतं. आणि डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहा की सीमा राखल्या जात नाहीत, आज राखल्यासारख्या दिसल्या तरी.

स्ट्रीमवर फ्रेमिंग तुमच्याच हातात असेल, म्हणजे फर्मवेअरही तुम्हीच लिहिताय, तर नुसती लांबी पुढे लिहू नका. एच-४चं जे होतं तेच तुमचं होईल. स्लिप साधं आहे, १९८८च्या आरएफसी १०५५मध्ये लिहिलेलं: १९२ म्हणजे शेवट, माहितीत १९२ आला तर त्याऐवजी २१९ आणि २२०, २१९ आला तर २१९ आणि २२१. दोष एवढाच की वाईट नशीब असेल तर फ्रेम दुप्पट फुगते. बफर मोजून मापून असतात तिथे मी कॉब्ज वापरते, स्टुअर्ट चेशायर आणि मेरी बेकर यांनी मांडलेलं. त्यात शून्य बाइट फक्त सीमेलाच येतो आणि वाढ दर २५४ बाइटांमागे जास्तीत जास्त एक बाइट. दोन्हींसोबत सीआरसी हवाच, कारण सीमा सापडली म्हणजे आतला मजकूर बरोबर आहे असं नाही.

तपासायचं कसं

पार्सर तपासायला खरं उपकरण लागत नाही. ओपन-पीटीवायने आभासी टर्मिनलची जोडी उघडा, रेकॉर्ड केलेले बाइट एका टोकाने भरा आणि दुसऱ्या टोकाला पार्सर लावा. तेच बाइट तीन तऱ्हांनी द्या: एकेक करून, सगळे एकदम, आणि कुठेही तोडून. तिन्ही वेळा फ्रेम तंतोतंत त्याच निघाल्या पाहिजेत. मग मधला एक बाइट गाळा आणि पाहा किती फ्रेम वाया जातात. एकच जायला हवी, फार तर दोन.

पॅकेट डिव्हाइसला डीडी (ठरल्या मापाने वाचणारी कमांड) पुरतं. ब्लॉक साइझ ४०९६ द्या, काउंट ५ द्या, आणि शेवटी डीडी काय छापतं ते वाचा. ‘०+५’ आलं तर पाच वेळा अपुरं वाचन झालं, म्हणजे पाच पॅकेट वेगवेगळी मिळाली. एस-ट्रेस (प्रोग्रॅमने कर्नलला दिलेल्या हाका दाखवणारं साधन) लावून प्रत्येक रीड()चा परत आलेला आकडा पाठवलेल्या लांब्यांशी जुळवा. लांब्या निवडताना एंडपॉइंटच्या मापाच्या एक खाली, नेमकं तेवढं आणि एक वर, या तिन्ही घ्या. ही चाचणी टेबलावर, मशीन रिकामं असताना करू नका. सगळे कोर गुंतवून ठेवा, वाचणारा प्रोग्रॅम मुद्दाम थोडा वेळ झोपवा, रांग ओसंडू द्या, आणि खंड पडल्याचा फ्लॅग नेमक्या त्याच पॅकेटवर येतो का ते पाहा.